रविवारचा चारचा खेळ

जयपूरला बनी पार्कमधली ती वरची खोली बघायला गेले, तेव्हा काकांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, रात्री किती वाजता परत येणार हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "अडीच तास मोबाईल न पाहता बसता येते का तुला?" मला वाटलं, सत्संगाबित्संगाची काहीतरी भानगड असणार. पण खोलीला दोन खिडक्या होत्या, खाली मराठी बोलणारी माणसं होती आणि पंधरा दिवस ऑफिसच्या गेस्ट हाउसमधला राजमा खाऊन माझा जीव विटला होता. मी "येतं" म्हणाले. पुढची तीन वर्षं जवळजवळ दर रविवारी दुपारी चार वाजता मी त्या घराच्या पुढच्या खोलीत बंगाली सिनेमा बघत बसले. मी मूळची सांगलीची. तोवर बंगालीचा आणि माझा संबंध रसगुल्ल्यापुरता होता.

काका अमरावतीचे. केंद्र सरकारच्या नोकरीत देशभर बदल्या झाल्या, त्यातली सहा वर्षं कलकत्त्याला गेली आणि शेवटची बदली जयपूरला झाली. इथेच काचबिंदूनं काकूंची दृष्टी हळूहळू गेली. निवृत्तीनंतर मुलीनं पुण्याला बोलावलं होतं, पण काका गेले नाहीत. या घराच्या पायऱ्या, उंबरे, नळ हे सगळं काकूंच्या हातापायांना पाठ आहे, ते पुण्यात कुठून आणायचं, असा त्यांचा सवाल होता.

चारचा खेळ म्हणजे चारचा खेळ. पावणेचारला काका इस्त्रीचा सदरा घालून पडदे ओढायचे. काकू गजरा माळून आपल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसायच्या. काकांची खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला, कारण डाव्या कानानं काकूंना थोडं कमी ऐकू यायचं. मी मागच्या दिवाणावर. टीव्हीवर खालच्या पट्टीत इंग्रजी भाषांतर येई, ते माझ्यासाठी. आणि सिनेमा सुरू झाला की काका बोलायला लागायचे, ते थेट शेवटपर्यंत.

पहिल्या रविवारी मला हा माणूस उठून बाहेर घालवावासा वाटला. नंतर कळलं की ते काकूंना सिनेमा दाखवतात. "आता ती जिना उतरून राहिली. हातात कंदील आहे. मागे सासू येऊन राहिली, पण हिला माहीत नाही." अमरावतीकडचं ते 'येऊन राहिली' धावत्या वर्णनासाठीच जन्माला आलं असावं. काकू मान हलवत ऐकायच्या, मध्येच "साडी कोणती?" असं विचारायच्या. सिनेमा काळापांढरा असला तरी काका रंग सांगायचे आणि तो अगदी छातीठोकपणे सांगायचे.

इथे माझा स्वभाव सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सांगानेरच्या पुढे आमचं ऑफिस होतं, तिथे मी दिवसभर हेच करायचे आणि घरी आल्यावर ती खोड खुंटीवर टांगून ठेवणं मला कधी जमलं नाही. त्यामुळे दोन-तीन रविवारांत माझ्या लक्षात आलं, की खालच्या पट्टीत एक येतंय आणि काका दुसरंच सांगतायत.

सुरुवात माशांपासून झाली. बंगाली सिनेमात माणसं सतत मासे आणतात, चिरतात, तळतात आणि त्यावर बोलतात. काकांच्या सिनेमात एकही मासा नव्हता. पडद्यावर हातभर मासा ताटात पडला, की काका सांगायचे, "जेवायला बसले. भरली वांगी आहेत." एका सिनेमात नदीच्या घाटावर होडीची तिकिटं फाडणारा एक बाबू होता. त्याची बायको सासूच्या छळाला कंटाळून आपला पितळी पानाचा डबा तेवढा घेऊन माहेरी निघून जाते. बाबू घाटावर डोळे पुसत बसतो आणि त्याचा मित्र त्याला म्हणतो, "बायको गेली म्हणून रडतोस, की आता मासा कोण तळणार म्हणून?" मी मागे बसून फिस्सकन हसले. काका शांतपणे सांगत होते, "दोघं मित्र बसले आहेत. फार ऊन आहे म्हणून राहिले." नंतर मी विचारलं तर म्हणाले, कलकत्त्याला शेजारच्या वासानं हिनं दोन महिने घरात उदबत्त्या जाळल्या होत्या, रविवारी तरी तिला सुखानं बसू दे.

त्याच सिनेमाच्या शेवटावरून आमचं पहिलं भांडण झालं. बाबू रोज संध्याकाळच्या होडीची वाट बघतो. शेवटच्या दृश्यात होडी येते. नावाडी खांदे उडवतो, कोणी आलं नाही म्हणतो आणि रिकामी होडी घाटाला टेकून डुलत राहते. संपलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि पुढच्या खुर्चीतून काकांचा आवाज आला, "आली. होडीतून उतरून राहिली. पदर डोक्यावर आहे. बाबू पाण्यात गुडघ्याइतका उतरला." काकूंनी समाधानानं सुस्कारा सोडला आणि चहाचं विचारलं.

मी काकांना जिन्यात गाठलं. आंधळ्या माणसाशी खोटं बोलता, असं मी त्यांना म्हणाले. फार वाईट शब्द होते ते, पण मी म्हणाले. काका रागावले नाहीत. मूळ कादंबरीत काय आहे ते ठाऊक आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मला कुठून ठाऊक असणार? कादंबरीत होडी नाहीच, तिथे बायकोचं एक लांबलचक पत्र येतं. होडी सिनेमावाल्याची. "त्यानं शेवट बदलला तर तो कलावंत," काका म्हणाले, "अन् मी बदलला तर खोटारडा काहून?"

मला ते पटलं नाही. मग ते एक पायरी खाली उतरून म्हणाले, "रस्त्याचं मी तिला कधी खोटं नाही सांगत, पोरी. रस्त्याचं खोटं सांगितलं तर ती पडेल. सिनेमाचं सांगितलं तर कोण पडतं?"

ते खरंच होतं. रोज सकाळी सहाला दोघं फिरायला निघायचे आणि तेव्हाचं काकांचं वर्णन ऐकलं की महापालिकेचा कुणी पर्यवेक्षक चालला आहे असं वाटायचं. तीन पावलांवर खड्डा, कालच्यापेक्षा मोठा. उजवीकडे कचोरीच्या गाड्यावर सात जण, तेल जुनं आहे. कोपऱ्यावरच्या घरानं फाटकापुढे उतार केला, पाय उचल. मोर छपरावर आहे, पण पिसारा नाही, झडला आहे. गेस्ट हाउसपुढे एक गोरी बाई बॅग ओढून राहिली, एक चाक तुटलं आहे. संक्रांतीनंतर तारांवर, झाडांवर लोंबणाऱ्या मांज्याचा दोराही ते सोडायचे नाहीत. कुठे गळ्याच्या उंचीला आलाय ते बोटांनी मोजून सांगायचे. सगळी गल्ली हळहळली ती गोष्ट, म्हणजे गल्लीतलं मोठं कडुलिंबाचं झाड कापलं, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. काकूंना वाईट वाटेल म्हणून लपवलं नाही. उलट बुंध्यापाशी नेऊन त्यांचा हात त्यावर ठेवला.

एकदा आम्ही तिघं ई-रिक्षानं शास्त्री नगरला चाललो होतो. वाटेतली दुकानं, ट्रॅफिक, मेट्रोचे खांब असं सगळं काका अखंड सांगत होते. शेवटी रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "भाईसाहब, आप रेडियो में थे क्या?" काका काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "अब भी हैं भैया. बंद ही नहीं होते." रिक्षावाला हसून हसून बेजार झाला. काका मात्र मनापासून खूश झाले, कौतुक झाल्यासारखे.

ते बंगालीच सिनेमे का लावतात, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. मराठी लावा की, काकू नुसत्या कानांनी समजून घेतील, असं मी एकदा सुचवलंही. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना नोकरीवरून काढायला आले होते. मग हळूहळू सगळं ऐकायला मिळालं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा ते कलकत्त्याला गेले. ओळखीचं कुणी नाही, बायको घरात एकटी. दर रविवारी तिला चारच्या खेळाला न्यायचे. ऑफिसातल्या सोबत्यांकडून काका बंगाली शिकले होते, पण काकूंना एक अक्षर कळायचं नाही. म्हणून ते अंधारात त्यांच्या कानाशी लागून सगळं मराठीत सांगायचे. मागचे लोक चुकचुकायचे, एकदा तर डोअरकीपरनं दोघांना बाहेर काढलं होतं. "तेव्हा हिला दिसायचं पण कळायचं नाही," काका म्हणाले. "आता दिसत नाही. माझं काम थोडं वाढलं, बस."

आणि ते काम ते सरकारी चोखपणे करायचे. कपाटात बंगाली कादंबऱ्यांची रांग होती, कलकत्त्याच्या फूटपाथवरून घेतलेली, पिवळी पडलेली. शनिवारी ते मूळ कादंबरी चाळायचे, मग सिनेमा एकटे एकदा बघायचे आणि जुन्या ऑफिसच्या डायरीत टाचण काढायचे. पानाच्या डाव्या बाजूला 'कादंबरी', मधे 'सिनेमा' आणि उजव्या बाजूला 'आपण'. ती डायरी मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. 'आपण'च्या रकान्यात मेलेली पोरं तापातून उठत होती, तुटलेली घरं सांधली जात होती. माझ्यातल्या चुका काढणाऱ्या बाईला त्यात एकही चूक काढावीशी वाटली नाही.

आता काकूंचं सांगते. त्यांच्याकडे स्वयंपाकाला शेफाली यायची, बंगालची, सहा महिन्यांपूर्वीच जयपुरात आलेली. हिंदीत तिची त्रेधा उडायची. काका तिच्याशी ऐटीत बंगाली बोलायचे आणि काकू विचारायच्या, "काय म्हणते हो ती?" काका भाषांतर करायचे. एका मंगळवारी माझं डोकं चढलं म्हणून मी अकरालाच घरी आले. काका बँकेत गेले होते. स्वयंपाकघरातून भरभर बंगाली ऐकू येत होतं, दोन बायकांचं, मधेच खळखळून हसणं. मी दारात गेले तर शेफाली पोळ्या लाटत होती आणि काकू कोथिंबीर निवडत तिला काहीतरी रंगवून सांगत होत्या. बंगालीत. माझी चाहूल लागली आणि काकूंचा हात कोथिंबिरीत थांबला.

शेफाली गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. सहा वर्षं कलकत्त्यात काढली, भाजीवाली, मोलकरीण, शेजारीण सगळ्या बंगाली, त्यावर इतके सिनेमे. दगडालाही भाषा आली असती, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे त्या बाबूची होडी रिकामी येते, ते तुम्हाला माहीत आहे? त्यांनी मान हलवली. मासेही? मासेही. मग सांगत का नाही, असं मी विचारलं.

"मराठी लावलं तर ते पेपर वाचत बसतील अन् मी एकटी ऐकीन," त्या म्हणाल्या. "बंगाली लावलं की शेजारी येऊन बसतात. तू हे त्यांना कधी सांगू नको. माझी शपथ आहे तुला."

मी सांगितलं नाही. जे चुकीचं दिसतं ते त्याच दिवशी लिहून वर कळवायचं, यावर माझं घर चालत होतं. पण ही एक नोंद मी पोटात ठेवली.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर काकांचा आवाज बसला. आधी आम्ही हसलो, रेडिओचं स्टेशन हललं म्हणून चिडवलं. महिना झाला तरी तो उठेना, तेव्हा डॉक्टरांनी तपासलं. स्वरतंतूवर गाठ होती. वाईटातली नव्हती, पण कापावी लागणार होती. ऑपरेशननंतर दीड महिना एक शब्द काढायचा नाही, कुजबुजही नाही, आणि त्यानंतर आवाज किती परत येईल ते तेव्हाच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी खर्च विचारला नाही, धोका विचारला नाही. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे माझी बायको पाहील कशी?" डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी डायरी माझ्या हातात दिली आणि 'आपण'च्या रकान्यावर बोट ठेवलं.

नंतरचे दिवस फार अवघड गेले. काकांनी शाळकरी पाटी आणि पेन्सिलींचा डबा आणवला होता. ते लिहायचे, मी मोठ्यानं वाचायचे. पण मी ऑफिसला गेले की त्या घरात एक माणूस लिहायचा आणि दुसऱ्याला ते दिसायचं नाही. काकू भिंतीला धरून खोल्यांमधून फिरायच्या आणि विचारायच्या, "अहो, आहात का?" मग काका जिथे असतील तिथे चमच्यानं एकदा वाजवायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पन्नास वर्षांचं बोलणं त्या दोन ठोक्यांवर येऊन ठेपलं होतं. सकाळचं फिरणं चालू होतं, पण वर्णन मी करायचे आणि मला सात माणसांची रांग दिसायची, तेल जुनं आहे हे दिसायचं नाही. एकदा एक खड्डा माझ्या नजरेतून सुटला. काकांनी झटकन काकूंचा दंड धरला. घरी आल्यावर पाटीवर एकच शब्द लिहिला: खड्डा. मी तो वाचून दाखवला आणि माफी मागितली. काकू हसल्या. काका हसले नाहीत. आपण आता तिच्या कामाचे उरलो नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि ते मला मोठ्यानं वाचता येत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःहून पडदे ओढले. सदरा इस्त्रीचा. सिनेमा घाटावरच्या बाबूचा. मी डायरी घेऊन त्यांच्या खुर्चीत बसायला गेले, घसा खाकरला, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तू दिवाणावर बस. त्यांची खुर्ची त्यांना दे. हा यांनी मला चारदा दाखवला आहे, तोंडपाठ आहे. आज मी सांगते."

आणि त्या सांगायला लागल्या. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, बरोबर काकांच्या लयीत. "सासू येऊन राहिली. ही चूल फुंकून राहिली. साडी हिरवी आहे." साडी हिरवी असल्याचं काकांनीच कधीतरी ठरवलं होतं. काका पडद्याकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते. बायको पानाचा डबा घेऊन निघून गेली. बाबू घाटावर येऊन बसला. मित्र जवळ आला आणि पडद्यावर तो म्हणाला, बायको गेली म्हणून रडतोस, की मासा कोण तळणार म्हणून.

काकू हसल्या. अगदी शब्दावर हसल्या, मनापासून, खांदे हलेपर्यंत. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "दोघं मित्र बसले आहेत. फार ऊन आहे."

काकांनी सावकाश पाटी घेतली. लिहिलं आणि मागे वळून मला दाखवलं: हिला कळतं?

मी पाटीकडे बघत राहिले. शपथ घातलेली होती. माझं गप्प बसणं काकांनी वाचलं. त्यांनी पाटी मांडीवर उलटी ठेवली. इतक्या रविवारांचे मासे, मेलेली माणसं, रिकाम्या होड्या, ते सगळं त्यांच्या नजरेपुढून जात असणार. आपण आयुष्यभर हिला दाखवत होतो आणि ही आपल्याला हसत होती की काय, असा तो चेहरा होता. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण मी जागची हलले नाही.

पुढचा तासभर काकू सांगत होत्या आणि काका ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. शेवटची संध्याकाळ आली. नदीवर धुकं. बाबू घाटाच्या पायरीवर. होडी आली, नावाड्यानं खांदे उडवले आणि अगदी स्वच्छ, शेफालीलाही मान डोलवावीशी वाटेल अशा बंगालीत सांगितलं, की कोणी आलं नाही. काकूंनी ते ऐकलं. त्यांनी ते ऐकलं हे आता काकांनाही ठाऊक होतं.

"आली," काकू म्हणाल्या. "होडीतून उतरून राहिली. पदर डोक्यावर आहे. बाबू पाण्यात उतरला. तिनं आधी पानाचा डबा त्याच्या हातात दिला, मग त्याचा हात धरला."

पडद्यावर रिकामी होडी डुलत होती. काकू उजवीकडे तोंड करून बसल्या होत्या, चारदा ऐकलेलं बरोबर म्हटलं की नाही, एवढंच जणू विचारायचं होतं. काकांनी चमचा शोधला, पण वाजवला नाही. पाटी सुलट केली, बाहीनं पुसली, बराच वेळ लिहिलं आणि माझ्याकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

पाटीवर लिहिलं होतं: डबा मी कधी परत आणला नव्हता. हा तिचा.

"काय लिहिलं गं त्यांनी?" काकूंनी विचारलं.

मी पाटी दोनदा वाचली. मग म्हणाले, "अगदी बरोबर सांगितलं, असं लिहिलंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं, पाटी पुसली आणि चमच्यानं एकदाच वाजवलं.